देठ

वस्तुचित्राचा तास. सावळज, फेब्रुवारी,
पत्र्याखाली सातवी ब.
टेबलावर खोका, खोक्यावर घरून आणलेली विटकी चादर,
मुद्दाम चुण्या पाडून;
तांब्या, अर्धं सोललेलं लिंबू, साल खाली लोंबती,
आणि एक घड, मगदुमांच्या बागेतला,
निर्यातीतून बाद झालेला.

पुठ्ठ्यावर डकवलेलं चित्र मी वर धरलं:
हॉलंडचं, चारशे वर्षांमागचं,
कॅलेंडरचं पान, कोपरा उंदरानं खाल्लेला.
म्हटलं, यातलं एकही फळ नुसतं फळ नाही.
लिंबू म्हणजे वरून लखलख, आत आंबट.
डाळिंब उललंय, म्हणजे मेल्यावर पुन्हा उठणं.
सफरचंदाला कीड, ताटाच्या काठावर माशी,
म्हणजे दिवस मोजलेत.
आणि घड धरायचा तो देठाला,
मण्यांना बोट लागलं की अब्रू गेली,
असं तिकडं जुनी माणसं म्हणत.

मागल्या बाकावरून जैतून मुल्ला:
"आमची आम्मी पण असंच म्हणती सर.
पॅकिंगला जाती नव्हं ती.
देठाला धर, कात्री तिरपी लाव,
मण्यावरची साय पुसली की खोका बाद,
अन् खोका बाद की हजेरी कट."

वर्ग हसला नाही.
निम्म्या वर्गाच्या आया तिथंच,
डोक्याला जाळीची टोपी, हातात मणी मापायची रिंग.
खोक्यावर छापलेलं असतं, रॉटरडॅम.
ते गाव या चित्राच्याच शेजारचं,
हे सांगणार होतो. राहिलं.

मी एका मण्यावरची सुरकुती दाखवली.
म्हटलं, ही नश्वरता. लिहून घ्या.
बाळगोंडा म्हणाला, "सर, त्यो बेदाणा व्हायलाय.
कोल्ड स्टोरेजला ठिवला तर दिवाळीला दर गावंल."
काहींनी शब्द खोडला.
काहींनी जपून लिहिला, तरी 'श्व' मोडलाच.

रंगाचं पाणी बदलायला नळावर गेलो.
येईस्तोवर घड संपलेला.
सगळ्यांच्या माना कागदावर,
इतकी शिस्त वर्षभरात पाहिली नव्हती.

बाकीच्यांनी आठवून गोल काढले, जांभळे, टपोरे.
जैतूननं उरलं तेच काढलं:
हिरवा देठ, फाट्याफाट्यांचा,
टोकाटोकाला ओला ठिपका,
मणी सुटला त्या जागेचा.
लिंबाकडं तिनं पाहिलंच नव्हतं.

कागद देताना म्हणाली,
"सर, त्या चित्रातली फळं
चित्र झाल्यावर कुणी खाल्ली?"

माझ्या टिपणात ते नव्हतं.
माशी तेवढी आली होती, खरीच,
सालीवर बसून पाय घासत.