ळ

रात्रीचा दीड. तांबट आळीतले ठोके
संध्याकाळीच थांबलेत.
माळ्यावर उर्मी अजून जागी,
एका बाईला मराठी शिकवते आहे
जी बाई नाही.

तिचं नाव निहारा.
वय कायम सतरा, सर्दी होत नाही,
बिदागी मागत नाही,
आणि तिला 'ळ' येत नाही.
ज्यांनी घडवली त्यांच्या भाषेत तो नव्हताच.
'आभाळ' म्हण म्हटलं की 'आभाल' म्हणते,
परमुलखातल्या सुनेसारखं, जपून जपून.

उर्मीचा मामा सदाशिव पेठेत गाणं शिकवतो.
रविवारी आला. दोन ओळी ऐकल्या, कॉफी तशीच ठेवली.
"जिला दम लागत नाही तिचं गाणं कसलं?"
उर्मी म्हणाली, "मामा, तुमच्यामागचा तंबोरासुद्धा डब्यातलाच."
"तो साथ करतो. गातो म्हणत नाही."
आणि हेही खरंच होतं.

मी मध्ये पडलो नाही.
चाळीस वर्षं तांबं ठोकून वरचे सूर गेलेत माझे,
कोकीळ आता मला फक्त दिसतो.
मला काय विचारता गाण्यातलं.

पण एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही.
तीन दिवाळ्यांमागे
यंत्राने ठोके पाडलेला एक हंडा
मी माझा म्हणून विकला.
कोथरूडच्या बाई होत्या. मठारकामावरून बोट फिरवलं,
डोळे मिटले, म्हणाल्या,
"हाताचं ते हाताचंच."
मी पैसे मोजून घेतले, वर पिशवीही दिली.
तेव्हापासून खरं-खोटं असा विषय निघाला की
मी पाणी प्यायला उठतो.

आत्ताही तसाच उठलो होतो.
वर दिवा दिसला म्हणून शिडी चढलो.
पडद्यावर रंगीत पट्ट्या, लहान-मोठ्या,
पत्र्याच्या कातरणासारख्या.
ती एक पट्टी नखभर मागे घेते, ऐकते,
'ल' मधोमध कापते, 'ड'ची कड लावते,
सांधा दिसतो म्हणून पुन्हा पुसते,
गळक्या कळशीला डाख द्यावा तशी.
चार रात्री झाल्या म्हणे
या एका अक्षरापायी.

"बाबा, आता ऐका."
मी स्पीकरवर तळवा ठेवला.
आत काहीतरी थरथरलं,
भरत आलेल्या घागरीसारखं.
"आला का ळ?"
"आला," मी म्हणालो.

ऐकू काही आलं नव्हतं.
मी तिच्या तोंडाकडे बघत होतो,
हल्ली माणसांचं बोलणं मी असंच वाचतो.
निहारा गात होती
आणि उर्मीचे ओठ उघडे होते,
त्या अक्षरापाशी
जीभ मागे वळली, टाळूला लागली, सुटली,
काही आवाज न करता.

"परत लाव," मी म्हटलं.
"कशाला? आला म्हणालात ना?"
"लाव गं."