कोमट

दुसरा हिवाळा आहे आमच्या घरात पाणी कोमट असण्याचा.
गार नळ सोडला तरी कोमट,
गरम सोडला तरी कोमट.
तांदूळ धुताना शर्वाणी हात मागे घेते,
आणि बाथरूममध्ये मी, अंगभर साबण, काकडत.
नेरुळच्या थंडीला लोक हसतात. हसोत.

आधी गीझरला धरलं.
तो उंचावर असतो, उलट बोलत नाही.
थर्मोस्टॅट बदलला. कॉइल बदलली.
इलेक्ट्रिशियनने त्याच्या पोटातून वाटीभर पांढरा खर काढून
वर्तमानपत्रावर ठेवला, म्हणाला,
हे बघा साहेब, तुमचं मोरबे धरण.
तीन हजार चारशे.
पाणी कोमट.
सोसायटीच्या सेक्रेटरींनी गच्चीवरच्या टाकीकडे बोट दाखवलं
आणि चष्मा पुसत बसले.

मग निरंजन जेना आला. केंद्रपाड्याचा,
वीस वर्षं सीवूड्सच्या भिंतींत हात घालून मराठी शिकलेला.
त्याने पिशवीतून पान्हा काढलाच नाही.
गीझरखालचा कॉक बंद केला. म्हणाला,
आता गरमचा नळ सोडा.
सोडला.
गीझरला पाणी जात नाही
म्हणजे गीझरमधून यायला नको.
नळ वाहत राहिला. धार जराही बारीक झाली नाही.
जेना त्याच्याकडे बघत राहिला,
खोटं बोलणाऱ्या पोराकडे बघावं तसं, रागाशिवाय.
"गरमच्या नळातून गार येतंय.
घरात कुठंतरी दोघांची गाठ पडते.
अजून एक बाथरूम आहे ना?"

आहे. आईचं.
गणपती झाल्यावर ती दादाकडे पनवेलला गेली
ती तिकडेच.
भांडण कशावरून, तर एका बादलीवरून.
गरम पाणी सगळं तुम्हीच संपवता, असं कोणीतरी म्हणालं.
कोणीतरी म्हणजे आम्ही दोघंही.

दार फुगलं होतं, खांद्याने ढकललं.
प्लास्टिकचं स्टूल. कोरडा पडलेला घासणीचा दगड.
भिंतीवर मिक्सर, दोन्ही चाव्या उघड्या,
लाल अर्धी, निळी पाऊण,
आणि हुकला हँडशॉवर, बटण मिटलेलं.

डावा हात गेल्यापासून
चाव्यांना ती कोणाला हात लावू देत नसे.
एकदा जमलंय ते जमलंय, म्हणायची,
आता मी बटणावर भागवते.
आंघोळ झाली की पाण्याचं फक्त तोंड बंद करायची.
मागे भिंतीत दोन्ही पाइप एकमेकांना मोकळे,
गरमचं गारमध्ये, गारचं गरममध्ये,
रात्रंदिवस,
ती असतानाही आणि
ती नसताना पाच महिने.

जेनाने लाल चावीला हात घातला.
मी म्हटलं, थांबा जरा.
गीझरचा कॉक परत उघडायला लावला.
तो घड्याळ बघत उभा. त्याला पुढे करावेला जायचं होतं.
मी हँडशॉवर घेऊन स्टुलावर बसलो, कपड्यांनिशी,
आणि बटण दाबलं मनगटावर.
आधी गंजाचा वास. मग
थोडा वेळ काहीच कळलं नाही,
इतकं ते बरोबर होतं.

मान वर केली तर दारात शर्वाणी,
हातात नेलपेंटची बाटली.
काही बोलली नाही. वाकून
लाल चावीवर एक ठिपका, समोर मिक्सरवर एक,
निळीवर एक, समोर एक.
फुंकर घालून सुकवले.
मगच जेनाने दोन्ही चाव्या मिटल्या,
आणि स्वयंपाकघरात सोडून ठेवलेला नळ
ओट्यावर गार वाजायला लागला.
वाजला असं मला वाटलं. गार पाण्याचा आवाज वेगळा असतो का?

जेनाने दोनशे घेतले.
जाता जाता म्हणाला, माताजी परत आल्या की बोलवा,
दोन्ही लायनीला उलटं न येणारे वॉल्व्ह टाकतो,
मग त्यांनी चाव्या उघड्या ठेवल्या तरी
कोणाला त्रास नाही.

"परत आल्यावर कशाला," शर्वाणी म्हणाली,
"सामान लिहून द्या."
विजेच्या बिलाच्या पाठीवर त्याने लिहिलं,
अर्धा इंची, पितळी,
दोन नग.