घोट्याचं माप

लांबेर्तुसच्या घोट्यांचं माप मीच घेतलं.
सुतळीनं. आधी उजवा, मग डावा.
एकोणीस वर्षांचा होता, हसत होता,
त्याला वाटलं, नाताळसाठी बूट करायचेत.

त्यानं चर्चच्या माडांना आग लावली होती,
चुलत्यावर कोयता उगारला होता,
आणि माउमेरेचा दवाखाना
दोन डोंगर पलीकडे.
गाव बसलं, कॉफी प्यायलं,
आता काय करणार, म्हणालं,
मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

लाकूड फणसाचं घेतलं, त्याला चीर जात नाही.
भोकांची आतली कड दिवसभर घासली,
डुकराची चरबी चोळून मऊ केली.
एवढीच माया होती माझ्या हातात.

अकरा वर्षं. मक्याच्या कोठाराखाली.
पेत्रोनेला मामा दोन वेळा ताट सरकवायची,
पोरं लांबूनच त्याची बडबड पाठ करायची,
मी नदीवर दुसऱ्या वाटेनं जायचो.

मग नर्स अदेल्हाइड आली, मोटरसायकलवर,
चिखलानं माखलेली, पिशवीत सुया.
तिनं कुणालाच बोल लावला नाही.
ते जास्त झोंबलं.
मला म्हणाली, करवत आण.
पाय भोकांतून कधीच निघाले असते,
इतके वाळले होते.
तो काढत नव्हता, एवढंच.

आता महिन्याला एक इंजेक्शन.
गुडघे सरळ होत नाहीत, तरी पाणी भरतो,
अर्धं आमच्याशी बोलतो, अर्धं
आणखी कुणाशी तरी.
लग्नात त्याला पान लावलं जातं, कडेला का होईना.

पण जानेवारीत पश्चिमेचा वारा सुटला,
कुपांगची बोट आली नाही,
सुया संपल्या.
तो रात्री कोंबड्यांना ओरडू लागला.
मामा अंधारात दाराशी आली:
ती फळी आहे का रे अजून?
जाळली, म्हणालो.
ती मागच्या छपरात आहे, ताडपत्रीखाली.

अदेल्हाइड म्हणाली, बोट येईपर्यंत माणसं लागतील,
जागी राहणारी.
शाळेच्या फळ्यावर पाळ्या लिहिल्या:
सोमवारी मास्तर, बुधवारी चुलता (हो, तोच),
शुक्रवारी मी.

पहिल्या शुक्रवारी पहाटे त्यानं माझ्याकडे
बराच वेळ पाहिलं.
बूट झाले का, म्हणाला.

उत्तर मी अजून दिलेलं नाही.
मंगळवारसमोर अजून
कुणाचंच नाव नाही.