बारतोंड्या

पुस्तकाला सुरुवात नव्हती.
पहिली सोळा पानं उधईनं खाल्लेली,
त्यातच लिहिणाऱ्याचं नाव गेलं.
छोट्या गाडीच्या बोरखेडी स्टेशनात, कंदिलाच्या फळीवर
कोणा साहेबानं विसरलेलं
किंवा कंटाळून ठेवलेलं,
आणि माझा बाप, पुंजाराम वानखडे, पॉइंटमन,
दिवसाला दोन गाड्या, बाकी ऊन,
ते वाचायला बसला.

नववी नापास.
डिक्शनरी होती, ती 'एस'पर्यंतच.
पुढचे शब्द अंदाजानं.
अकरा वर्षं लागली.

रात्री जिनिंगच्या गेटापाशी सरकीच्या पोत्यांवर बसून सांगायचा:
तिकडं विलायतेत एक सर बार्थोलोम्यू,
पोट वखारीएवढं,
फीत दिसली की खिशातून कातर काढणारा.
शाळा उघडली, दवाखाना उघडला,
एक पूल उघडला, त्याच्याखाली नदीच नव्हती.
भाषणात म्हणाला, मी माझं काम केलं,
आता नदीनं पुढं यावं.

हसता हसता किसना तायड्याची विडी विझायची.
नाव मात्र कोणाच्या तोंडात बसेना.
"कोन म्हन्ला तू? बारतोंड्या?"
"हाव. तोच."

तेव्हापासून गावात बारतोंडे निपजू लागले.
नळयोजनेचा नारळ फोडणारा सभापती बारतोंड्या
(नळ आले होते, पाणी उद्या येणार होतं).
सोयाबीनची सोंगणी चालू असताना
धुऱ्यावर उभा राहून मोबाईलवर बोलणारा जावई.
सोनवण्यांचा कोंबडा, रात्री दोनलाच आरवणारा.
एक बैलही होता, नुसता हंबरायचा,
वखराला मान देत नव्हता.

सभापतीच्या कानावर गेलं.
त्यानं पोलीसपाटलाला विचारलं,
ही शिवी कोणत्या कलमात बसते?
पाटील म्हणाला, "साहेब, हे इंग्रजी आहे."
सभापती जरा खूशच झाला.

पुस्तकाला शेवटही नव्हता.
"मंग काय झालं बारतोंड्याचं?"
बाप दर साली वेगळं सांगायचा.
एका साली नदी आली आणि त्याला घेऊन गेली.
एका साली तो पुलावरच बसून राहिला, कातर धरून.
आई गेली त्या साली म्हणाला,
झोपला असंल.

छोटी गाडी बंद पडली, रुळांत तरोटा माजला.
बापाच्या सत्काराला शाल, नारळ, एक भिंतीवरचं घड्याळ.
माईक हातात आला आणि तो पाऊण तास बोलला
त्या एका पुस्तकावर.
मागून एक पोट्टं ओरडलं,
"बस कर ना बे, बारतोंड्या!"
मंडपात सगळे गप्प.
बाप माईक धरून हसत सुटला,
चष्मा काढून पुसला, परत हसला.
त्याचं भाषण तिथंच संपलं.

परवा अमरावतीहून एक बाई आल्या,
वऱ्हाडी शब्द गोळा करत.
चहा घेतला, वही उघडली.
बारतोंड्या: बारा अधिक तोंड.
अस्सल इथलाच. फार जुना असावा.
"हाव," किसनाचा नातू म्हणाला,
"आमच्या पंज्याच्याही आधीचा हाये."
मी बश्या विसळत होते.
सांगणार होते.
पण नाव कोणाचं सांगू?
ते तर उधईच्या पोटात.

पुस्तक माळ्यावर आहे, जुन्या डालीत.
मधली पानं शाबूत.
पुलाच्या पानावर बापाची पेन्सिल:
'टी'नं सुरू होणाऱ्या शब्दाखाली रेघ,
बाजूला मराठीत बारीक अक्षर,
"नदी? बहुतेक नदीच."

काल पोरीच्या मोबाईलवर पाहिला तो शब्द.
नदीचा त्यात थेंब नाही.