वंटमुरी घाट, तिसरा गिअर

रविवार, पहाटे साडेपाच. हत्तरगीच्या पंपावर
वीस लिटर, एकाच नोझलचं.
टायरमधली हवा दोनदा मोजली.
"आरसे मिटू?" मी विचारलं.
"मिटतंय तेवढं सगळं मीट," बाबा म्हणाले.

गाडी निपाणीच्या बसगौडा सावकारांची,
पांढरी एस्टीम, चढाला धापा टाकणारी.
पोरानं पुण्याहून पाठवलेले चार प्लग
त्यांनी पेढ्याच्या पुठ्ठ्यातून आणले होते.
टोकाला इरिडियम, सुईएवढं.
किंमत सांगताना आवाज खाली आणला,
सोयरिकीत देण्याघेण्याचा आकडा सांगावा तसा.
"भरमाण्णा, ह्येनं पिकप वाढतंय म्हणे."
बाबा हो म्हणाले नाहीत.
नाही म्हणाले नाहीत.

म्हणून चार जोड:
गाडीतले जुने;
गणपत गल्लीतले साधे नवे, ऐंशीला एक;
प्लॅटिनमचे, दस्तगीरमामाकडून उसने;
आणि पेढ्याच्या पुठ्ठ्यातले.
पायथ्याच्या मोरीपासून वरच्या पिवळ्या फलकापर्यंत,
चाळीसच्या वेगानं आत शिरायचं,
तिसरा गिअर, पाय पार खाली.
स्टॉपवॉच कॉलेजच्या लॅबमधून मागून आणलेलं,
त्यावर माझा घामेजलेला अंगठा.

जुन्यांना चौसष्ट सेकंद.
पुन्हा चौसष्ट. मग त्रेसष्ट आणि थोडं.

वर पोचलं की बॉनेट उघडायचं, निवायची वाट बघायची.
बाबांना वाट बघणं जमत नाही.
फडकं गुंडाळून पाना लावतात, भाजतं,
मग कन्नडात शिव्या.
कन्नडातल्या बऱ्या, तुझ्या आईला कळत नाहीत, म्हणतात.
आई बैलहोंगलची आहे.

नव्या प्लगाच्या फटीत गेजची पाती सरकवून
त्यांनी ती माझ्या हातात दिली.
"बघ. अडली नाही पायजे, लोंबली नाही पायजे."
मी म्हटलं, बाबा, मधे फट आहे म्हणून ठिणगी आहे, नाही?
मला त्यातून काहीतरी मोठं म्हणायचं होतं,
आपल्याकडच्या पाट्यांबद्दल, एकावर एक रंगवलेल्या
दोन लिप्यांबद्दल.
"शून्य पॉइंट आठ," बाबा म्हणाले.
"मिलिमीटर. काय बघूलीस गे? लिही."

साधे नवे: अठ्ठावन्न पॉइंट चार.
प्लॅटिनम: अठ्ठावन्न पॉइंट तीन.
इरिडियम: सत्तावन्न पॉइंट नऊ.
सावकार रस्त्याकडेच्या दगडावर बसून चहा पीत होते,
त्यांनी कप खाली ठेवला. "जिंकलं की!"

बाबांनी पुठ्ठा मिटवला
आणि ऐंशीवाले पुन्हा बसवले.
"आता कशाला?"
"असंच."

सत्तावन्न पॉइंट सहा.

मी बटण चुकून आधी दाबलं असं वाटून
आम्ही परत खाली गेलो, परत वर आलो.
सत्तावन्न पॉइंट सात.
तेव्हा कुठं लक्षात आलं, माझी ओढणी
कधीपासून पुढं, घाटमाथ्याकडं फडफडत होती.
हिडकलच्या पाण्यावरून सुटलेला वारा
पाठीशी लागला होता गाडीच्या,
कधीपासून, ते वहीत नव्हतं.

मग बाबांनी जुन्यांतला तिसरा प्लग
सावकारांच्या तळहातावर ठेवला.
बाकीचे तीन भाजक्या विटेच्या रंगाचे,
हा काळा, ओला, तेलकट.
"रिंग गेल्यात ह्याच्या. इंजिन तेल पिऊलंय.
सोन्याचा बसवला तरी महिन्यात असाच होणार."
सावकार बराच वेळ तो प्लग
उलटा-सुलटा करत राहिले.
बोटं काळी झाली, ती धोतराला पुसली नाहीत.

"खोलायचं म्हणतोस?"
"खोलायचं."
"आणि हे?" पुठ्ठ्याकडं बघून.
"बसवू की. पोरानं पाठवलंय."

परत येताना काकतीपर्यंत कुणी बोललं नाही.
मागच्या सीटवर मी पट्टी धरून
वहीत उभी रेघ मारत होते, गाडी हलत होती,
रेघ वाकडी आली.
वर लिहिलं: वारा.
खाली सगळ्या ओळी मोकळ्या.