आधी बस

बावतीसकाकाने दिली तेव्हा फळी मधोमध मोडलेली होती.
कुणा टूरिस्टाने टाकून दिलेली,
काकाने होडीच्या फायबरने सांधलेली.
घसरू नये म्हणून आम्ही तिच्यावर
चर्चमधली उरलेली मेणबत्ती घासली.

मी पाण्याकडे धावले.
"आधी बस गो," तो म्हणाला,
"दर्यो खंय पळान जाता?"

भोगव्याच्या वाळूत अर्धा तास, चिडून.
तो जाळं सांधत होता. मान वर न करता म्हणाला, "मोज."
चार लहान. मग तीन दांडग्या, एकीवर एक.
मग काहीच नाही,
आणि मला वाटलं, आता झालं, आता जावं.
पुन्हा तीन दांडग्या.

मध्ये एक पट्टी होती, गुळगुळीत, जरा गढूळ,
तिथे लाट फुटतच नव्हती.
"इथून आत जाणं सोपं," मी म्हटलं.
"जंय लाट फुटना नाय, थंय वाट आसा.
तुझी न्हय. पाण्याची."

आणखीही बरंच सांगितलं त्याने:
पाय उचलू नको, घासत चल,
वाळूखाली वागळी झोपलेली असते, शेपटीला काटा.
घोट्याची दोरी बांध, गाठ मला दाखव.
पडलीस तर आधी डोकं धर, मग लाज.
मी ऐकलं,
छत्री घेऊन जा म्हटलेलं ऐकावं तसं.

पुढच्या मे महिन्यात, वारा फिरला त्या आठवड्यात,
उधाणाचं पाणी उतरताना
त्याच पट्टीने मला उचललं.

आधी काकाचा चेहरा गेला,
मग टोपी,
मग होडीचा निळा रंग.
मी किनाऱ्याकडे हात मारत होते
आणि तिथेच होते,
मग तिथेही नव्हते.
खांदे पेटले. तोंडात मीठ. आई आठवली नाही,
आठवलं ते "मोज".

थांबले. फळीवर छाती टेकली.
पाणी मला बुडवत नव्हतं,
नुसतं नेत होतं.
मग मी आडवी निघाले, किनाऱ्याला समांतर,
जिकडे पांढरं दिसत होतं, फेस, गडगडाट, तिकडे.
जिला इतके दिवस भीत आले
त्या फुटणाऱ्या लाटेनेच मला आणून टाकलं
दक्षिणेच्या खडकांपाशी.
गुडघ्यावर कालवांनी तीन रेघा मारल्या.

फळी मोळीसारखी डोक्यावर घेऊन
तेवढी वाळू उलटी चालले.
काका जाळ्यापाशी बसला होता.
"दोरी तुटली?"
"नाही."
"मग बरां."

त्याचा शर्ट गळ्यापर्यंत भिजलेला होता.
आणि शेजारी, होडीच्या फळीवर,
ओळीने मांडून
विड्या वाळत घातल्या होत्या.

आता रविवारी परुळ्याहून पोरं येतात.
सायकली पडायच्या आत शर्ट काढलेले.
काल त्यातली जास्मिन बोट दाखवून म्हणाली,
"ताई, थंय बघ, लाटच नाय. थंयसून जाव्या?"

मी शेजारची वाळू थोपटली.