दोन मिनिटं अठरा सेकंद

मुख्य सिनेमा कुत्र्याचा आहे.
लोक त्याच्यासाठी आलेत,
ओले बूट सीटखाली, कोट मांडीवर.
बाहेर डुलुथचा मार्च, सरोवरावर अजून बर्फ.

मी दारापाशी, हातात विझवलेली बॅटरी.
हे ट्रेलर आज एकेचाळिसाव्यांदा बघतेय,
म्हणजे बघत नाही.
मी माणसं बघते.

नववा सेकंद. नुसता अंधार आणि तो आवाज,
यानाचं दार उघडतानाची लांब, गंजकी घरघर.
पडद्यावर अजून काहीच नाही
आणि तिसऱ्या रांगेत कुणीतरी श्वास आत घेऊन
बाहेर सोडायचं विसरलंय.

एकतिसावा. वाळूत अर्धं पुरलेलं पिवळं शिरस्त्राण.
आर्विड लाहती टोपी काढतो.
चर्चमध्ये त्याला बायकोचं कोपर लागायचं त्यासाठी.

मग कप्तान. चाळीस वर्षांनी. पांढरी, वाकलेली,
जिना उतरताना कठडा धरणारी.
"अगंबाई, हिचेही गुडघे गेले!"
डोरीन मायेव्स्की मोठ्यांदा म्हणते, हॉल हसतो,
तीही हसते, आणि मग बराच वेळ
पर्समध्ये काहीतरी शोधत राहते
जे पर्समध्ये नाही.

सत्तराव्या सेकंदाला नकाशे वाचणारा तो तरुण,
ज्याचा नट केव्हाच वारला.
संगणकाने त्याला परत आणलंय, गालावरच्या खळीसकट.
मागची कॉलेजची पोरं शिट्ट्या मारतात.
एक दाढीवाला म्हणतो, "मेलेल्या माणसाला
कामाला जुंपलंय, लाज नाही यांना."
शेजारचा म्हणतो, "बरोबर आहे तुझं.
आता गप बस, मला रडू दे."

रेन नावाची एक मुलगी आहे, अकराची.
"बाबा, हे कोण?"
"सांगतो, थांब."
थांबते ती. तो सांगत नाही.
मग ती पडदा सोडून त्याच्याकडेच वळून बसते
आणि एकेक लाही खात
बापाचा चेहरा शेवटपर्यंत बघते.

खेळ सुटल्यावर आर्विड मला गाठतो, दर वेळी.
"ते दार यानाचं नाही. आपल्या धक्क्याचं आहे ते,
सहा नंबरचं. खनिज ओतायला पत्रा खाली यायचा ना,
हाच आवाज. कुणीतरी टेपवर धरून नेला.
एइनो तेव्हाच म्हणाला होता,
च्यायला, तिकीट काढून कामावरच आलो की आपण!"
एइनो त्याचा भाऊ. धक्का बंद पडला तेव्हा
टेक्ससला गेला, आणि आता तिथल्याच मातीत आहे.
आर्विडवर कुणाचा विश्वास नाही.
मीही मान हलवते, तेवढ्यापुरती.

खरं सांगू? जुना सिनेमा मी पाहिलेलाच नाही.
नऊ वर्षांची होते. याच हॉलबाहेर, याच रांगेत,
वडलांनी नाणी मोजली, पुन्हा मोजली,
पंचवीस सेंट कमी भरले.
"पुढच्या आठवड्यात," म्हणाले.
पुढच्या आठवड्यात वेगळी पाटी लागली.

शेजारच्या थियाने मग सगळी गोष्ट सांगितली,
मागच्या पायरीवर बसून, सगळ्यांचे आवाज काढत,
स्फोटाला डब्यावर डबा आपटत.
थिया बोबडी होती.
म्हणून माझी कप्तान बोबडी बोलते.
पन्नाशी उलटली माझी, तरी बोबडीच.

अगदी शेवटी पडदा काळा होतो,
संगीत थांबतं, आणि म्हातारी विचारते,
"सगळे आहेत का?"
आर्विड, टोपी छातीशी. डोरीन, पर्स उघडीच.
मी दर वेळी वाट बघते,
दर वेळी ती स्पष्ट बोलते, स्वच्छ, कमावलेल्या आवाजात,
आणि माझं काहीतरी हुकतं.

मग कुत्रा येतो, शेपूट हलवत.
लोक सावरून बसतात.
मी बाहेर पडते, दार ओढून घेते, त्याला तेल हवंय,
आणि रिकाम्या व्हरांड्यात, हलकेच,
"शगळे आहेत का?"